सस्टेनेबिलिटी कन्सल्टिंगचा स्वतःचा व्यवसाय, ठाणे-नवी मुंबईतून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यावरण, ऊर्जा किंवा ईएसजीचं (पर्यावरण, समाज आणि कारभार यांच्या हिशेबाचं) काम नोकरी म्हणून न करता स्वतःचा व्यवसाय म्हणून करायचं आहे, आणि घर किंवा ओळखीपाळखी ठाण्यापासून तळोज्यापर्यंतच्या पट्ट्यात आहेत, अशांसाठी हे पान आहे. विचारले जाणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

या व्यवसायात आपण नेमकं विकतो काय?

पत्राचं उत्तर. रबाळ्याच्या छोट्या कारखान्याचा मालक सकाळी उठून "चला, आजपासून पृथ्वी वाचवू" असं म्हणत नाही. त्याच्याकडे मेल येतो. पुण्याच्या वाहन कंपनीचा, जर्मनीतल्या आयातदाराचा किंवा एखाद्या औषध कंपनीच्या खरेदी विभागाचा. तुमचा कार्बन फूटप्रिंट कळवा, पुरवठादारांना गुण देणाऱ्या इकोव्हॅडिसची प्रश्नावली भरा, कामगार धोरणाची प्रत जोडा, सगळं महिनाअखेरपर्यंत. मालक तो मेल अकाउंटंटला ढकलतो, अकाउंटंट प्रॉडक्शन मॅनेजरला, आणि मॅनेजर फिरून मालकाला. आपलं गिऱ्हाईक इथे तयार होतं.

पण उत्तर म्हणजे नुसता भरलेला फॉर्म नाही. फॉर्म कुणीही भरेल. प्रत्येक आकड्यामागे कागद उभा करणं, आणि पुढच्या वर्षी तोच आकडा कारखान्यातल्या माणसांना स्वतः काढता येईल अशी घडी बसवणं, याचे पैसे मिळतात. बाकी सगळं म्हणजे धोरणं, सादरीकरणं, मुखपृष्ठावरचे फ्लेमिंगो. ठाणे खाडीला २०२२ साली रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाल्यापासून या पट्ट्यातल्या अहवालांवर तो पक्षी जरा जास्तच उतरायला लागला आहे.

मागणी खरी आहे की नुसती हवा?

खरी आहे, पण वर्तमानपत्रात वाचतो तेवढी सरळ नाही. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, २०२२-२३ पासून बंधनकारक केला. त्या कंपन्यांना स्वतःचे मोठे सल्लागार परवडतात, ती तुमची गिऱ्हाइकं नव्हेत. तुमची गिऱ्हाइकं त्यांचे पुरवठादार. पुरवठादारांची माहिती देण्याचा भाग सेबीने पुढे ढकलला, सौम्य केला आणि २०२५ मध्ये पहिल्या २५० कंपन्यांसाठी ऐच्छिक ठेवला. खरेदी किंवा विक्रीत एकट्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त असेल असेच भागीदार त्यात मोजायचे. म्हणजे "सेबीचा नियम आलाय, आता तुम्हाला करावंच लागेल" असं सांगून कुणा छोट्या मालकाला घाबरवलंत, तर त्याचा सीए दुसऱ्या दिवशी तुम्हाला खोटं पाडेल.

युरोपच्या सीबॅमचं, म्हणजे आयात मालातल्या कार्बनवर लागणाऱ्या शुल्काचं, तसं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून खरी आकारणी सुरू झाली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज हे त्यातले विभाग. पोलादात नट, बोल्ट, स्क्रूही येतात, आणि ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीत ते बनवणारे कमी नाहीत. पैसे युरोपातला आयातदार भरतो, पण आकडा तो इथल्या कारखान्याकडे मागतो, आणि मिळाला नाही तर ठरवून दिलेले जड आकडे लागू होतात. वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. तेव्हा पहिला प्रश्न "तुमचा आयातदार वर्षाला एकूण किती माल उचलतो?" हाच विचारा. कधीकधी उत्तर ऐकून काम तिथेच संपतं. ते प्रामाणिकपणे सांगून टाकावं. तोच मालक पुढे आणखी दोन जणांकडे पाठवतो.

मुंबई-बेंगळुरू सोडून ठाणे-नवी मुंबईच का?

नकाशा पाहा. ठाण्यात वागळे इस्टेट. खाडी ओलांडली की ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे, पावणे, तुर्भे अशी ट्रान्स ठाणे क्रीकची, म्हणजे टीटीसीची एमआयडीसी. पुढे तळोजा. दुसऱ्या अंगाला डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. रसायनं, औषधं, इंजिनिअरिंग, पॅकेजिंग, अन्नप्रक्रिया आणि आता ऐरोली-महाप्यातली डेटा सेंटर्स. निर्यातीसाठी न्हावाशेवा बंदर जवळ, शेतमालासाठी वाशीचं एपीएमसी. सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली तर एका दिवसात दोन कारखाने आरामात होतात. सल्लागाराचा खरा कच्चा माल म्हणजे प्रत्यक्ष भेट, आणि इथे ती स्वस्तात पडते.

शिवाय इथे संघटना आहेत. वागळे इस्टेटला ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन, रबाळ्याला ठाणे बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. त्यांच्या कार्यक्रमांना जा, पण पहिल्याच दिवशी कार्डं वाटत फिरू नका. ऐका. मालक लोक चहाच्या वेळी कोणत्या मेलवर कुरकुरतात ते कळलं की तुमची सेवांची यादी आपोआप तयार होते.

कोणतं शिक्षण लागतं?

केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, पर्यावरणशास्त्र, बीकॉम, सीए यांतलं काहीही चालतं. इंजिनिअरला युटिलिटी कळते पण पुराव्याची शिस्त शिकावी लागते. सीएला कागद कळतो पण बॉयलर हाऊसमध्ये उभं राहावं लागतं.

प्रमाणपत्रांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सनंतर मिळणारं "ईएसजी तज्ज्ञ" हे बिरुद वागळे इस्टेटमध्ये कुणी विचारत नाही. विचारतात ते बीईई या केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता संस्थेची एनर्जी मॅनेजर किंवा एनर्जी ऑडिटरची परीक्षा (मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार), पर्यावरण व्यवस्थापनाच्या आयएसओ १४००१ चा लीड ऑडिटर कोर्स आणि कार्बनसाठी आयएसओ १४०६४ ची ओळख. हरितगृह वायू मोजायची जीएचजी प्रोटोकॉलची मानकं आणि बीआरएसआरचा नमुना फुकट मिळतो. ते आधी वाचा. आपल्या आवडत्या दोन-तीन कंपन्यांचे बीआरएसआर अहवाल घेऊन त्यांतले ऊर्जेचे, पाण्याचे आणि कचऱ्याचे तक्ते मागच्या वर्षीशी ताडून पाहा. कुठे एकक बदललंय, कुठे एखादा प्लांट गायब आहे, हे दिसायला लागलं की अभ्यास योग्य वाटेवर आहे.

ग्रीन बिल्डिंगची गल्ली वेगळी. आयजीबीसी, गृह, लीड या इमारतींच्या हरित मानांकनांचं काम वास्तुविशारद आणि बिल्डरांच्या ओळखीवर चालतं. दोन्ही एकदम सुरू करू नका.

इंग्रजी कच्चं असेल तर?

अहवाल इंग्रजीत लागतो, तो सुधारून घेता येतो. शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदीच लागते. बॉयलर ऑपरेटरशी नीट बोलता येत नसेल, तर ती अडचण मात्र मोठी.

पहिलं काम कोणतं घ्यावं?

छोट्या कारखान्याच्या कार्बनच्या हिशेबातले स्कोप १ आणि स्कोप २, म्हणजे जागेवर जाळलेलं इंधन आणि विकत घेतलेली वीज. याच कामात सगळा धंदा शिकून होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा, महिन्याला ४०,००० युनिट वीज, जनरेटरला ५०० लिटर डिझेल आणि १९ किलोचे २० एलपीजी सिलिंडर. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा उत्सर्जन गुणांक प्रसिद्ध करतं. अलीकडच्या आवृत्त्यांत तो युनिटमागे ०.७१ ते ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. ०.७२ धरला तर विजेचे २८.८ टन. डिझेल लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे सुमारे १.३ टन. एलपीजी किलोमागे साधारण ३ किलो, म्हणजे १.१ टन. एकूण ३१ टनांच्या पुढे थोडं. गणित पाचवीचं आहे. मग पैसे कशाचे?

पैसे त्या ४०,००० चे. महावितरणच्या एचटी (उच्च दाबाच्या) बिलावर आकारणी केव्हीएएचमध्ये होते. कार्बनसाठी केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले युनिट लागतात. घाईत मोठ्या अक्षरातला आकडा उचलला आणि पॉवर फॅक्टर (या दोन आकड्यांचं गुणोत्तर) ०.९५ असला, तर विजेचा आकडा पाच टक्क्यांनी फुगतो. छतावर सोलर असेल तर ग्रिडमधून घेतलेलं, परत दिलेलं आणि जागेवर वापरलेलं असे तीन वेगळे आकडे काढावे लागतात, आणि अकाउंट्सकडे फक्त वजाबाकी झालेला असतो. कळवा-मुंब्र्याकडे गेलात तर बिल टोरेंटचं, मांडणी निराळी.

डिझेल तर याहून अवघड. जनरेटरच्या खोलीत खिळ्याला अडकवलेली वही असते, तिच्यात वॉचमन तास लिहितो, लिटर नाही. लिटर स्टोअरच्या रजिस्टरमध्ये. रुपये अकाउंट्समध्ये, तेही "जनरल एक्स्पेन्सेस"खाली, मालकाच्या गाडीच्या डिझेलसकट. तीन ठिकाणचे तीन आकडे जुळत नाहीत. ते का जुळत नाहीत हे शोधून एका पानावर लिहून देणं हे सल्लागाराचं काम. वेल्डिंगच्या सीओटू सिलिंडरची आणि एसीमध्ये भरलेल्या गॅसची आठवण बहुतेकांना होतच नाही. ती पावती एसीवाल्याकडून मागून घ्या.

हे करता करता मालकाचे पैसे वाचवणारी एखादी गोष्ट सापडतेच. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीकडची क्षमता, गरजेपेक्षा बरीच जास्त मंजूर करून ठेवली असेल तर न वापरलेल्या क्षमतेचेही पैसे जात असतात. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा आणि तो किती वेळ लोडवर जातो, म्हणजे हवा दाबायला लागतो ते घड्याळ लावून बघा. कुणीच हवा वापरत नसताना तो दर थोड्या वेळाने लोड घेत असेल, तर तेवढी हवा गळते आहे. पाइपलाइनच्या जोडांजवळ कान लावला की फुसफुस ऐकूही येते. मालकाला कार्बन दिसत नाही, हे ऐकू येतं. पुढच्या कामाची ऑर्डर बहुधा या फुसफुशीवर मिळते.

निर्यातदाराला सीबॅमचा आकडा देणं वेगळं असतं का?

बरंच. बोल्टमधला बहुतेक कार्बन कारखान्याच्या शेडमधला नसतो, तो पोलादाच्या वायर रॉडमध्ये आधीच आलेला असतो. रॉड ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने बनला की भंगार वितळवून इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये, यावर आकडा कितीतरी बदलतो. म्हणून तुमचा अर्धा वेळ पोलाद कंपनीकडून माहिती मिळवण्यात जातो, आणि माल व्यापाऱ्यामार्फत आला असेल तर कोणत्या मिलचा रॉड हे टेस्ट सर्टिफिकेटवरून शोधण्यात. फी सांगताना हा पाठपुरावा धरा, नाहीतर दोन महिने फोन फुकट कराल.

फी किती घ्यावी?

"मार्केट रेट" विचारत बसू नका, उलटं मोजा. समजा, घराला महिन्याला ६० हजार लागतात आणि प्रवास, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सीए, विमा मिळून ३० हजार. सुरुवातीला महिन्यात बिल लावता येतील असे दिवस दहाच्या वर धरू नका. उरलेले भेटी, कोटेशन आणि पाठपुराव्यात जातात. म्हणजे दिवसाला नऊ हजारांच्या खाली तुम्ही स्वतःच्या खिशातून काम करताय. त्यावर कर आणि रिकाम्या महिन्यांची सोय चढवा. मग कामाला किती दिवस लागतील ते मोजून एकरकमी आकडा सांगा. मालकाला दिवसाचा दर सांगितला की तो स्वतःच्या फिटरच्या पगाराशी तुलना करतो आणि बोलणं तिथेच बिघडतं.

कोटेशनमध्ये काय करणार नाही हेही लिहा. किती भेटी, कोणतं वर्ष, कोणती शाखा. "आणि हो, ते अंबरनाथचं युनिटपण घ्या यात" हे वाक्य हमखास येतं.

पैसे वेळेवर मिळतात का?

छोटा मालक कुरकुरतो पण देतो. मोठ्या कंपनीचा खरेदी विभाग गोड बोलून ९० दिवस लावतो. म्हणून पहिल्या दिवशी उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी करा, ती फुकट आहे आणि सेवा व्यवसायालाही मिळते. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यावर आयकरातली तरतूद अशी की मुदतीत न दिलेला खर्च कंपनीला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्च जवळ आला की समोरचा अकाउंट्स विभाग आपणहून फोन करतो. सरकारी पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, पण ते शेवटचं हत्यार. वापरलंत की ते गिऱ्हाईक गेलं.

कामाआधी ४० टक्के आगाऊ मागायला लाजू नका.

कोणती कामं मला करता येणार नाहीत?

पर्यावरण मंजुरीसाठीचा ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचा) अहवाल नॅबेट या मंडळाची मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते. धूर, सांडपाणी, आवाज यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनेच तपासायचे. कायद्याने बंधनकारक असलेलं ऊर्जा ऑडिट अधिमान्य ऑडिटरनेच करायचं. आणि ज्या कंपनीचा बीआरएसआर तुम्ही लिहून दिलात, त्याच कंपनीला त्या आकड्यांची खातरजमा करून देता येत नाही. अशा कामांसाठी प्रयोगशाळा आणि ऑडिटर जोडून ठेवा, पण कमिशन घेऊ नका. हा पट्टा लहान आहे, कळतं.

एमपीसीबीचं, म्हणजे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, ३० जूनपर्यंतचं घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, ३० सप्टेंबरपर्यंतचा पर्यावरण विवरणाचा फॉर्म ५ ही कामं मात्र जरूर शिका. ग्लॅमर शून्य, पण दरवर्षी येतात आणि कारखान्याचं फाटक उघडून देतात.

मालक म्हणाला "आकडा जरा कमी दाखवा", तर?

म्हणेलच. चिडू नका, नकार द्या. त्याला समजावून सांगा की ग्राहकाकडे इतर पुरवठादारांचेही आकडे आहेत आणि तेवढंच उत्पादन करणाऱ्या दोघांत एकाचा आकडा निम्मा निघाला तर पहिला फोन त्यालाच येईल. "पर्यावरणपूरक", "कार्बन न्यूट्रल" असे शब्द जाहिरातीत टाकायचे असतील तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ ची ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं त्याच्यासमोर ठेवा. तिथे दाव्यामागे पुरावा लागतो. तरी हट्ट धरला तर काम सोडा. आगाऊ रक्कम घेतली असली म्हणजे सोडणं सोपं जातं.

घोडबंदर रोडच्या, खारघरच्या सोसायट्यांचं काम घ्यावं का?

ओळखीसाठी एखादं घ्या, पोटासाठी नको. कामं भरपूर आहेत. दिवसाला १०० किलोंवर कचरा निघणाऱ्या संकुलांना त्यातला ओला जागेवर जिरवायचा असतो, सांडपाणी शुद्धीकरणाचा एसटीपी नुसता नावाला चालू असतो, टँकरचा खर्च वाढतो, आणि पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराच्या सोलरला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पण निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. सेक्रेटरीकाकांना पटलं तरी तिसऱ्या मजल्यावरचे कुणीतरी "आमच्या मेहुण्याचं सोलरचंच काम आहे" म्हणतात आणि विषय पुढच्या सभेवर जातो.

जीएसटी, नोंदणी वगैरे?

प्रोप्रायटरशिपने सुरू करा. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, दर १८ टक्के. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे हातात येणारी रक्कम नेहमी कमीच धरा. बाकी सीएला विचारा.

सॉफ्टवेअर आणि एआय आल्यावर सल्लागार कशाला लागेल?

अहवालाची भाषा, धोरणांचे मसुदे, प्रश्नावलीची पहिली उत्तरं हे काम स्वस्त होत चाललंय. त्यावर जगायचा बेत असेल तर सोडा. जनरेटरच्या खोलीतली वही मात्र अजून कुठल्या सॉफ्टवेअरला दिसत नाही.

मोठ्या फर्मशी स्पर्धा कशी करायची?

करायचीच नाही. त्यांच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पुरवठादार या पट्ट्यात विखुरलेले असतात, आणि प्रत्येकाकडे माणूस पाठवणं त्यांना परवडत नाही. ते काम उपकंत्राटाने मिळतं. दर कमी, पण पद्धत शिकायला मिळते. करारातली "आमच्या गिऱ्हाइकाशी थेट संबंध ठेवायचा नाही" ही अट नीट वाचा. कधीकधी तिच्यात पुरवठादारही गुंडाळलेले असतात, आणि मग तुमच्याच शेजारचा कारखाना तुम्हाला बंद होतो.

नोकरी कधी सोडायची?

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला असेल आणि पैसे देणारं, नातेवाईक नसलेलं एक तरी गिऱ्हाईक दुसऱ्यांदा परत आलं असेल तेव्हा. वर्षाचा तालही बघा. एप्रिल ते सप्टेंबर विवरणं आणि अहवालांची गर्दी, दिवाळीच्या आसपास सामसूम, जानेवारीपासून पुन्हा हालचाल. फेब्रुवारीत सोडलीत तर सीझन हाताशी येतो. दिवाळीत सोडलीत तर सासरचे लोक रोज विचारतील, "मग, सध्या काय चाललंय?"

ऑफिस ठाण्यात घ्यावं की वाशीला?

पहिली दोन वर्षं कुठेच नाही. मालक तुमच्या ऑफिसात येत नाही, तुम्हीच त्याच्याकडे जाता. त्या भाड्याच्या पैशांत सेफ्टी शूज, वीजप्रवाह मोजायचा क्लॅम्प मीटर आणि चांगला स्कॅनर घ्या. पुढे माणूस ठेवायची वेळ आली की त्याला ट्रान्स-हार्बरवरचं कोणतं स्टेशन सोयीचं पडतं ते विचारा आणि तिथे जागा बघा.